बोक्याचे दुखणे व घरची शुश्रूषा

ज्या घरात बोका आहे त्या घरातील मंडळींनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बोका मातीच्या पाटीत वारंवार जाऊन बसतो, कण्हतो, कुंथतो, आणि तो उठल्यावर पाहावे तो माती कोरडीच असते, अशा वेळी त्यास बद्धकोष्ठ झाले असे समजून एरंडेल पाजीत बसू नये. बहुधा त्याचे मूत्र अडलेले असते. आणि मूत्र पुरते अडले म्हणजे एकदोन दिवसांतच प्राणाशी गाठ पडते. जे विष मूत्रावाटे बाहेर जावयाचे ते रक्तात साठते, पोटॅशियम नावाचा क्षार वाढतो, ओकाऱ्या सुरू होतात आणि शेवटी हृदय थांबते. भाटीची मूत्रनलिका आखूड व रुंद असल्यामुळे तिच्यावर हा प्रसंग क्वचितच येतो. बोक्याची नलिका मात्र शेवटास अतिशय निमुळती होत जाते आणि तेथे वाळूसारखे खडे किंवा चिकट गुठळी अडकून बसते.

आमच्या खामगावच्या घरी हा प्रसंग गेल्या वैशाखात आला. धाकट्या नातवाची मुंज होऊन तिसरा दिवस होता. सौ.ने वाळवून ठेवलेली पळसाची फुले काढली. माणसाचे मूत्र अडले असता ती शिजवून ओटीपोटावर बांधण्याची चाल जुनी आहे. परंतु सूनबाईने बोक्याच्या पोटास हलकेच हात लावून पाहिला, तो आत लिंबाएवढा कठीण गोळा लागला. ती म्हणाली, "मामंजी, हे आपल्या हातचे काम नव्हे." तो गोळा दाबून मूत्र काढू पाहणे तर फारच धोक्याचे, कारण ताणलेला मूत्राशय फुटतो. चिरंजीवांनी गाडी काढली आणि सुमारे पन्नास किलोमीटरांवरील अकोल्यास त्याच संध्याकाळी आम्ही त्यास पोहोचविले.

मी जन्मभर मुलांस संस्कृत शिकविले, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या सुश्रुताची आठवण झाली. त्याने अश्मरीची गणना आठ महागदांत केली आहे, मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत, आणि मूत्रमार्गाने औषध देण्याच्या उत्तरबस्तीचे वर्णनही केले आहे. यावरून आमच्याकडे सर्व होतेच, असा डंका पिटणाऱ्यांपैकी मी नव्हे. सुश्रुताची नळी माणसाकरिता होती. येथे भूल देऊन, सुतळीहूनही बारीक नळी घालून, आतील खडे पाण्याच्या जोराने मागे लोटून मार्ग मोकळा करावयाचा होता, आणि शिरेतून सलाईन देऊन रक्त शुद्ध होण्याची वाट पाहावयाची होती. तीन दिवसांनी बोका घरी आला तो गळ्यात प्लॅस्टिकचा कर्णा घालून! टाके किंवा जखम चाटू नये म्हणून ही योजना करतात. पण दाराच्या चौकटीस आपटत तो माजघरातून चालू लागला तेव्हा मुंजीकरिता आलेली व अद्याप राहिलेली मंडळी हसून बेजार झाली.

डॉक्टरांनी बजाविले होते की खरी कसोटी घरीच आहे, कारण पहिल्या काही दिवसांत मूत्र पुन्हा अडण्याची भीती फार. म्हणून मी शाळेतील हजेरीपटाप्रमाणे एक वही घातली. ओले झाल्यावर जिचा गोळा होतो अशी माती बाजारात मिळते. दर वेळचा गोळा किती मोठा, कोणत्या वेळी, कण्हला की नाही, हे मी लिहू लागलो. नलिकेचा आवळ सैल करणारी गोळी सूनबाई त्यास पंचात गुंडाळून देई. वेदना होतात म्हणून एका शेजाऱ्यांनी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी सुचविली होती. हे औषध मांजरास विषासमान आहे, आणि एका गोळीनेही ते दगावू शकते, हे सर्वांनी जाणून असावे.

दुसऱ्या एका गृहस्थांनी खारपाणपट्ट्यास दोष दिला. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूस विहिरींचे पाणी खारट आहे आणि तेथे मूत्रपिंडाच्या विकारांनी माणसे गांजली आहेत, हे खरे. परंतु आमचा बोका नळाचे पाणी पितो, आणि तेही पितो म्हणण्यापुरतेच. खरी गोम येथेच होती. मांजराचे पूर्वज आफ्रिकेतील कोरड्या प्रदेशात राहणारे. त्यांस तहान मुळातच कमी. अमरकोशात मांजरास आखुभुक्, म्हणजे उंदीर खाणारा, असे एक नाव आहे, आणि उंदराच्या शरीरात शंभरांत सुमारे सत्तर भाग पाणी असते. त्यावर त्याची गुजराण चाले. पिशवीतील कोरड्या दाण्यांत तेच पाणी सुमारे दहा भाग. मग मूत्र दाट होते, आणि त्यात मॅग्नेशियम, अमोनियम व फॉस्फेट यांचे स्ट्रुव्हाइट नावाचे स्फटिक धरतात. ते ठराविक पथ्याच्या अन्नाने विरघळतात. कॅल्शियम ऑक्सलेटचे खडे मात्र विरघळत नाहीत. पुष्कळ तरुण बोक्यांत निश्चित कारण सापडतच नाही. गडबड, परकी माणसे, खिडकीपाशी येणारा दुसरा बोका यांनीही मूत्राशयास दाह होतो असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा मुंजीतला ताशा माझ्या कानात पुन्हा वाजू लागला. खिडकीच्या खालच्या तावदानास कागद चिकटवून बोक्याची पाटी आम्ही मागल्या शांत खोलीत हलविली.

पथ्याचे ओले अन्न डब्यातून येते, आणि त्यात मांस अथवा मासळी असते. आमच्या घरी अद्याप सोवळे पाळले जाते. सौ. म्हणाली, "अहो, देवघराच्या भिंतीला भिंत, आणि तेथे मासळीचा डबा फोडायचा?" बोक्यास दूधभातावर ठेवावे असे तिचे मत होते. परंतु मांजर हे मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचे द्रव्य त्यास मांसातूनच मिळते, आणि ते न मिळाले तर डोळे व हृदय बिघडतात. शिवाय थोराड झालेल्या बहुतेक मांजरांस दूध पचत नाही. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी सौ.नेच पडवीच्या टोकास एक फळी लावून दिली, वेगळा चमचा व वाटी ठेवली, आणि "ही बाहेरची" म्हणून सांगितले. डब्यातल्या अन्नात आणखी कोमट पाणी कालवून नात त्यास भरवू लागली. पाण्याची मातीची परळे घरात चार ठिकाणी, अन्नापासून दूर, मांडली.

नवव्या रात्री अकराच्या सुमारास बोका अर्ध्या तासात पाच वेळा पाटीत गेला. थेंब थेंब पडत होते. नात रडू लागली, "आबा, पुन्हा अडलं का हो?" चिरंजीवांनी डॉक्टरांस फोन लावला, त्यांनी विचारले की सकाळपासून एकंदर किती झाले. वहीत तीन चांगले मोठे गोळे नोंदले होते, शेवटचा रात्री नऊचा. तरीही त्यांनी वाट पाहू दिली नाही. तपासणीस आणा म्हणाले. रात्री एक वाजता अकोल्यास मूत्राशय लहान व मऊ लागला. अडले नव्हते, दाह उरला होता. गोळ्या आणखी दहा दिवस वाढवून मिळाल्या. पुन्हापुन्हा अडू लागल्यास शस्त्रक्रियेने नलिकेचे तोंड रुंद करतात, तेही त्यांनी समजावून सांगितले.

ती वेळ अद्याप आलेली नाही. वही मात्र मी बंद केलेली नाही. अलीकडे दुपारी मी निजलो असता तिच्यात सौ.च्या अक्षरातील नोंदी आढळतात, आणि पडवीतला तो चमचा घासून पालथा घातलेला असतो.