ध्रुवाकडची वाट गोव्यातून

निपाणी-बेळगावच्या आपण बायका गोव्याला किती वेळा जाऊन आलो असू! आंबोली नाहीतर चोर्ला घाट उतरायचा, समुद्र बघायचा, काजू घ्यायचे, परत. अंटार्क्टिकाची वाटही गोव्यातूनच निघते, हे मला भाचीमुळे कळलं. ती डॉक्टर आहे. मोहिमेला डॉक्टर लागतात. वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे ती अर्ज करणार म्हटल्यापासून अक्काच्या घरी कुणी नीट जेवलेलं नाही.

पहिली भारतीय मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून जहाजानं निघाली, ती ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. १९८३ च्या मोहिमेत दोन बायका होत्या, सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपूरला जन्मलेल्या अदिती पंत. त्या साली मी तंबाखूच्या वखारीपर्यंतसुद्धा एकटी जात नव्हते.

आता माणसं केपटाऊनपर्यंत विमानानं जातात. तिथून मोठं मालवाहू विमान सहाएक तासांत थेट बर्फाच्या धावपट्टीवर उतरतं. आपलं 'मैत्री' केंद्र तिथून जवळ. 'भारती' मात्र सुमारे तीन हजार किलोमीटर लांब. सामानसुमान जहाजानं येतं, जहाजावरून हेलिकॉप्टरनं, पुढं पट्ट्यांच्या गाड्यांनी.

पूर्वी गाड्या कुत्री ओढत. १९११ साली आमुंडसेन दक्षिण ध्रुवाकडे ५२ कुत्री घेऊन निघाला, परत आणली ११. बरीचशी वाटेत मारून माणसांनी आणि उरलेल्या कुत्र्यांनी खाल्ली. मी पुस्तक मिटून ठेवलं. त्याच्या पराक्रमाचं मला कौतुक करवत नाही. १९९४ पासून तिथं कुत्री न्यायला बंदी आहे. आता तर बुटाला चिकटलेलं गवताचं बीसुद्धा उतरण्याआधी काढावं लागतं. खाली बघून पाऊल टाकणाऱ्या आपल्या महाराजांची आठवण झाली.

हिवाळ्यात मात्र जाणं-येणं बंद. चातुर्मासासारखं जिथं आहे तिथं राहायचं, तेही चारापेक्षा जास्त महिने.

"पोरीला दुखलं-खुपलं तर?" अक्का.

"अगं, तिथली डॉक्टर तीच हाय न्हवं!" मी म्हटलं. अक्का हसली नाही.

मग मी तिला मंगला मणींचं सांगितलं. इस्रोच्या या बाई छप्पन्नाव्या वर्षी भारती केंद्रावर ४०३ दिवस राहिल्या, तेवीस जणांत एकट्या बाई. आमच्याच वयाच्या! अक्का गप्प झाली.

काल रात्री तिचा फोन आला. "काय गं, तिथं हिवाळ्यात दीड-दोन महिने सूर्य उगवतच नाही म्हणं. मग पोरीनं दिवस मावळायच्या आत जेवायचं कसं?"

भाचीला विचारलं. तिलाही सांगता येईना. पण अक्का 'जाऊ नको'वरून 'जेवायचं कसं'वर आली होती. मी लगेच भाचीला म्हटलं, अर्ज भर.