विंचूरहून राणीच्या बागेत

मुंबईस जाणारा मनुष्य बहुधा कामासाठी जातो. कोर्टाचे काम, डॉक्टरांचे काम, नाही तर मुलाच्या नोकरीचे काम. आम्ही मात्र गेल्या माघात विंचूरहून मुंबईस गेलो ते एका झाडाची डहाळी बरोबर घेऊन, आणि हे झाड कोणते एवढेच विचारण्यासाठी. हे ऐकून हसणारे गावात पुष्कळ निघाले. हसणाऱ्यांचा राग नाही. आमचे आम्हांसही थोडे हसू येतच होते.

विंचूर हे निफाड तालुक्यातील गाव. पानिपतच्या रणातून परतलेल्या सरदार विठ्ठल शिवदेव यांच्यामुळे त्याचे नाव इतिहासात आले. पुण्याचा विंचूरकर वाडा, जेथे लोकमान्य टिळकांचे काही काळ वास्तव्य होते, तो याच घराण्याचा. आजचे विंचूर मात्र कांदा व द्राक्ष या दोन शब्दांनी ओळखले जाते. लासलगावची कांद्याची बाजारपेठ अगदी जवळ, आणि आमच्याच शिवारात द्राक्षांपासून वाइन करणाऱ्या कारखान्यांसाठी राखलेली वसाहत. असा मुलूख उत्पन्नाच्या हिशेबाने चालावा यात गैर काही नाही. पोटाचा प्रश्न सर्वांसच आहे. परंतु या हिशेबाची एक खोड अशी की, ज्याचे फळ बाजारात जात नाही ते झाड म्हणजे जागेची नासाडी, असे हळूहळू सर्वांस वाटू लागते.

आमच्या वाड्याच्या परसात, विहिरीच्या कडेला, असे एक झाड आहे. आजोबांनी ते लावले एवढे घरात सर्वांस ठाऊक. नाव मात्र कोणासच ठाऊक नाही. पाने काळसर हिरवी व चकचकीत, कडा किंचित लाटेसारख्या; फांद्या खाली झुकलेल्या; सावली दाट आणि बारमाही. पण इतक्या वर्षांत त्यास फळ आलेले कोणी पाहिले नाही. आमच्या चुलतबंधूंना मागील रस्त्याच्या बाजूने दुकानांचे गाळे काढावयाचे आहेत, आणि नकाशात हे झाड नेमके आडवे येते. पौषात घरची बैठक बसली तेव्हा कोणीसे सहज बोलून गेले, “वांझ झाड आहे, त्याचे काय एवढे!”

बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हते. पण ओसरीवर वाती वळीत बसलेल्या आत्याबाईंचा हात थांबला. आत्याबाई ऐन तारुण्यात वैधव्य घेऊन माहेरी परतल्या. पदरी मूल नाही. तो शब्द त्यांनी आयुष्यात पूर्वीही ऐकला असेल. त्या एवढेच म्हणाल्या, “तोडायचे तर तोडा, पण कोणाला तोडतो आहोत, ते नाव तरी विचारून या.”

आमच्या दहा वर्षांच्या पुतणीने मोबाइलवर पानाचे छायाचित्र काढून पाहिले. यंत्राने एका दमात तीन निरनिराळी नावे सांगितली. तेव्हा ठरले की, ज्या बागेत झाडांवर नावांच्या पाट्या आहेत, तेथेच जाऊन पान पानाशी ताडून पाहावे. बुधवारी राणीची बाग बंद असते, म्हणून गुरुवार धरला. ओल्या फडक्यात डहाळी गुंडाळली आणि पुतणी, सौभाग्यवती व आत्याबाई यांसह आम्ही लासलगाव स्टेशनावर सकाळची पंचवटी गाठली. नाशिक मागे पडले, इगतपुरी आली, गाडी थळघाट उतरू लागली, तसे खिडकीतील झाडांचे रूपच पालटले. देशावरील बाभूळ व लिंब संपून कोकणच्या बाजूची गर्द झाडी सुरू झाली. बागेचा पहिला धडा आम्हांस गाडीतच मिळाला: झाडास गाव असते. दादरास उतरून लोकलने भायखळ्यास आलो. तेथून बाग पायी जाण्याइतकी जवळ आहे.

या बागेचा पूर्ववृत्तांत थोडक्यात असा. पश्चिम हिंदुस्थानची शेती व बागाईत यांच्या सुधारणेसाठी 1830 मध्ये एक मंडळी स्थापन झाली होती. तिची बाग प्रथम शिवडीस होती. पुढे शिवडीची जागा ख्रिस्ती दफनभूमीकडे गेली, आणि भायखळ्यास नवी बाग उभी राहून 1862 मध्ये ती लोकांस खुली झाली. राणी व्हिक्टोरियाचे नाव तिला दिले गेले, म्हणून लोकांच्या तोंडी ‘राणीची बाग’. 1969 मध्ये वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे तिचे नामांतर झाले; पण राणीची बाग हे नाव आजही लोकांच्या तोंडून गेलेले नाही. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे, आणि जवळच घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा म्हटले.

आत शिरताच बहुतेक लोक वाघ आणि पेंग्विन यांच्या दिशेने वळतात. आम्हीही पुतणीच्या समाधानासाठी पेंग्विन पाहून घेतले. मग झाडांसाठी आमच्या सोयीच्या तीन फेऱ्या पाडल्या. पहिली परदेशी पाहुण्यांची, दुसरी आपल्या पुराणांतील मंडळींची, आणि तिसरी आमच्या अनोळखी डहाळीची.

पहिल्या फेरीत गोरखचिंच भेटली. ही मूळची आफ्रिकेची. खोड असे फुगीर की एखाद्या कणगीची आठवण व्हावी. त्यात ती पाणी साठवून कोरडा काळ काढते. माघात तिच्या अंगावर पान नव्हते. पुतणीने विचारले, “ही मेली का?” आम्ही म्हटले, “नाही, पावसाची वाट पाहते आहे.” पुढे कैलासपती, ऐन खोडातून फुटलेल्या लोंबत्या डहाळ्यांवर त्याची फुले येतात, आणि फुलातील आकार असा की शिवलिंगावर नागाने फणा धरावा. हे झाड दक्षिण अमेरिकेचे. पण येथे आले, आणि आपल्या लोकांनी त्यास थेट कैलासाचा पत्ता देऊन टाकला. परक्यास आपलेसे करण्याची ही रीत आम्हांस फार आवडली.

मग उर्वशी. ही ब्रह्मदेशाची. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, पाकळ्यांवर पिवळे ठिपके. फुलांच्या झाडांत हिची गणना जगातील अत्यंत देखण्या झाडांत होते. पण बागाईत करणारे सांगतात की ही बी फार क्वचित धरते, म्हणून तिची रोपे दुर्मिळ. हे ऐकून आत्याबाई थोडा वेळ तेथेच उभ्या राहिल्या. “आणि तरीही हिला इतक्या लांबून आणून जपले,” असे त्या स्वतःशीच म्हणाल्या. आम्ही काही बोललो नाही.

दुसऱ्या फेरीत सीतेचा अशोक पाहिला. नाशिकच्या नव्या वस्त्यांत कुंपणालगत सरळसोट उभे असते त्यालाच पुतणी अशोक समजत होती. हा निराळा, पसरट, आणि शेंदरी फुलांचे गुच्छ थेट फांदीवर धरणारा. कृष्णवडाचे पान देठाजवळ दुमडून द्रोणासारखे होते, आणि बाळकृष्ण त्यात लोणी लपवीत असे, अशी कथा लोक सांगतात. पुतणीने पानात बोट घालून लोणी आहे का ते पाहिले. शास्त्र आणि कथा यांचे भांडण लावण्याचे आम्हांस कारण दिसले नाही. कथेमुळे पोरीने पान नीट पाहिले, एवढे पुरे.

या बागेत सुमारे तीन हजार झाडे आहेत, आणि जाती अडीचशेहून अधिक. ती आज उभी आहेत यास एक कारण आहे. 2007 च्या सुमारास येथील प्राणिसंग्रहालयाची भव्य पुनर्रचना करण्याची योजना पुढे आली. तिच्यापायी जुनी झाडे जातील, या काळजीने काही नागरिक उभे राहिले, आणि त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी नुसती आरडाओरड केली नाही. झाडे मोजली, त्यांची नावे लिहून काढली, आणि पुढे बागेवर पुस्तकही सिद्ध केले. ज्याचे नाव यादीत आहे, त्याच्यावर कुऱ्हाड उचलणे अवघड होते. आत्याबाईंनी पौषातल्या बैठकीत सांगितले, ते यापेक्षा निराळे नव्हते.

तिसऱ्या फेरीत मात्र दमछाक झाली. पाटीमागून पाटी वाचली, पानाशी पान लावले. कोठे कड जुळेना, कोठे चकाकी. ऊन डोक्यावर आले. शेवटी पाचोळा झाडणाऱ्या एका वृद्ध माळ्याने आमच्या हातातील डहाळी पाहिली आणि विचारले, “आजी, ही कुठून आणली?” आत्याबाई म्हणाल्या, “आमच्या परसातली आहे हो. नाव ठाऊक नाही.” तो हसला आणि आम्हांस एका दाट सावलीखाली घेऊन गेला. तेच झाड! त्याच झुकत्या फांद्या, तीच लाटेरी पाने. फरक एकच: याच्या फांद्यांवर लहान लंबगोल फळे होती, त्यांवर पांढुरकी लव, आणि खाली पाचोळ्यात टोकदार कठीण बिया पडल्या होत्या. माळी म्हणाला, “पुत्रंजीव.”

आत्याबाईंनी खाली बसून एक बी उचलली, आणि ती बोटांत फिरवता फिरवता त्यांचा चेहरा पालटला. “अरे, ही तर दादाच्या गळ्यातली माळ!” दादा म्हणजे आमचे वडील. ते दोन वर्षांचे असताना फार आजारी पडले होते. तेव्हा कोणा बैराग्याने दिलेली अशा बियांची माळ आजोबांनी त्यांच्या गळ्यात घातली होती. मूल जगावे म्हणून या बिया गळ्यात बांधण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि झाडाचे नावही त्यावरूनच. आजोबांनी पुढे हे झाड परसात का लावले, ते आत्याबाईंस त्या क्षणी उमगले. इतकी वर्षे ओळख पटली नाही, कारण आमच्या झाडाने ती बी कधी धरलीच नाही.

मग आमचेच झाड रिते का? उत्तर प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावे असे आहे. पपईत जशी नर व मादी झाडे निराळी, तशीच पुत्रंजीवातही असतात. एकट्या झाडास फळ यावे कसे? ते नर असेल तर त्यास फळ येणारच नाही. मादी असेल तर परागकण आणावयास जवळपास जोडीदार हवा. विंचुरात आमच्या माहितीत दुसरे पुत्रंजीव नाही. म्हणजे दोष झाडाचा नव्हता. त्याच्या शेजारी आजवर कोणी दुसरे लावले नव्हते, एवढेच.

माळ्याने स्वतःहून खाली पडलेल्या मूठभर बिया आत्याबाईंच्या पदरात घातल्या. परतीच्या गाडीत त्या पदराची गाठ सोडून त्यांनी तीनदा तरी मोजल्या.

घरी आल्यावर चुलतबंधूंस सर्व हकीकत सांगितली. ते व्यवहारी गृहस्थ; लगेच विरघळले, असे लिहिणे खोटे होईल. त्यांनी नकाशा पुढे ओढला, पेन्सिलीने दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, “एक गाळा कमी करतो. पण पाचोळा तुम्ही झाडायचा.” आत्याबाईंनी ते कबूल केले. बिया कुंड्यांत पेरल्या. त्यांपैकी पाच उगवल्या. फुलावर येईपर्यंत रोप नर की मादी हे सांगता येत नाही, म्हणून पाचही लावणार आहोत. जुन्या झाडाकडे चैत्रात लक्ष ठेवले. पानांच्या बेचक्यांत बारीक, हिरवट, एकेकटी फुले दिसली. नर झाडावर ती पिवळसर गुच्छांनी येतात. तेव्हा आमचे झाड मादी आहे, आणि वाट पाहते आहे, असे आम्ही धरून चाललो आहोत.

वाचकांपैकी कोणी मुंबईस जाणार असतील, त्यांनी राणीच्या बागेसाठी एक सकाळ अवश्य काढावी. उन्हे चढण्यापूर्वी जावे आणि मुलांस बरोबर न्यावे. आणखी एक सुचवितो. आपल्या परसात किंवा गल्लीच्या तोंडाशी नाव न लागणारे एखादे झाड असेल, तर त्याची डहाळी ओल्या फडक्यात गुंडाळून बरोबर घ्यावी. रिकाम्या हाताने गेलेल्यास ही बाग शोभेची वाटेल. डहाळी घेऊन गेलेल्यास ती आपल्या घरचीच काही हकीकत सांगण्याचा संभव आहे.