जपमाळेच्या चालीने

वसई रोड स्थानकातून पश्चिमेकडे निघाले, की आरंभी इमारतींची आणि वाहनांची दाटी लागते. ती विरळ होत गेली, की केळीच्या बागा, विहिरी, जुनी कौलारू घरे आणि अंगणातले चाफे दिसू लागतात. या प्रदेशाची आणखी एक खूण म्हणजे आळीच्या तोंडाशी, तिठ्यावर किंवा बागेच्या कडेला उभे असलेले क्रूस. मे महिन्याच्या संध्याकाळी त्यांच्यापुढे माणसे जमतात आणि जपमाळेची प्रार्थना होते. पापडी, रमेदी, नंदाखाल, गास अशा धर्मग्रामांतून सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. लाल लुगड्यातल्या आज्या एकेकाळी पहाटेच्या मिस्साला बागांमधल्या पायवाटांनीच जात असत.

आज त्या वाटांचे रस्ते झाले आहेत आणि रस्त्यांवर वाहने वाढली आहेत. आजीला दुचाकीचा धक्का लागेल, आजोबांचा तोल जाईल, या काळजीने मुले आणि सुना रिक्षा दारात बोलावतात. या मायेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु तिचा परिणाम लक्षात घ्यावयास हवा. चालणे थांबले, की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू क्षीण होतात. स्नायू क्षीण झाले, की तोल सावरत नाही. तोल सावरेना, की पडण्याची भीती वाढते आणि भीतीपोटी चालणे आणखी कमी होते. हे चक्र तोडण्याचे सामर्थ्य एकट्या कुटुंबापेक्षा चर्चच्या समुदायात अधिक आहे, कारण सोबत असली म्हणजे भीती ओसरते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आणि वृद्धांसाठीही आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम श्रमाचा व्यायाम सुचविला आहे. आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास चालले, की तेवढा व्यायाम होतो. नियमित चालण्याने रक्तदाब आणि रक्तातील साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, झोप सुधारते, मनाची उदासी कमी होते. श्रम ‘मध्यम’ आहेत की नाहीत, हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. चालताना बोलता येते, पण गाता येत नाही, ती योग्य गती. वसईकरांना ही कसोटी सहज वापरता येईल. पाच दशकांची जपमाळ साधारण पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण होते. चालता चालता ‘नमो मरिया’ स्पष्ट म्हणता आली, तर गती ठीक आहे; शब्द तुटू लागले, तर पाऊल आवरावे.

प्रारंभी अर्ध्या तासाचा हट्ट नको. आपल्या दारापासून जवळच्या क्रुसापर्यंत जावे, तेथे क्षणभर टेकावे आणि परतावे. पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढचा क्रूस गाठावा. चालणे आणि थांबणे यांचा हा मेळ ख्रिस्ती परंपरेला नवा नाही. क्रूसाच्या वाटेची चौदा स्थाने हेच तर शिकवितात.

मोकळी जागा हवी असेल, तर वसईचा किल्ला आहे. पोर्तुगीजांची सत्ता येथे दोनशे वर्षे होती. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी हा किल्ला जिंकला. आत चर्चचे भग्नावशेष आहेत, मंदिरे आहेत आणि झाडांची सावलीही. संत गोन्सालो गार्सिया मूळचे याच वसईचे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे ते हुतात्मा झाले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. वधस्थळी नेण्यापूर्वी त्यांना व त्यांच्या सोबत्यांना ऐन हिवाळ्यात शेकडो किलोमीटर पायी चालविण्यात आले होते. त्यांच्या गावच्या माणसांनी चालणे सोडू नये, एवढे तरी त्यांच्या स्मरणातून घ्यावे. मात्र किल्ल्यातील जोती आणि दगडी पायऱ्या उंचसखल आहेत, म्हणून वृद्धांनी सपाट वाटच धरावी. पावसाळ्यात शेवाळ धरते. तेव्हा चर्चच्या सभागृहातल्या फेऱ्या बऱ्या.

मधुमेहींसाठी एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तास उपवास पाळण्याचा नियम आहे. पुष्कळ वृद्ध त्यासाठी काही न खाताच पहाटे निघतात. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी घेऊन रिकाम्या पोटी चालले, तर साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. चर्चच्या कायद्याने वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनाही या नियमातून सूट दिलेली आहे. तेव्हा थोडे खाऊन निघण्यात अपराध नाही. खिशात साखर किंवा गोळी-बिस्किट असावे आणि परतल्यावर तळपायांना फोड किंवा जखम नाही ना, ते पाहावे. छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार असणाऱ्यांनी प्रारंभीच त्यांचा सल्ला घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी वृद्धाच्या थोडे बाजूला आणि किंचित मागे चालावे, हात ओढू नये. घट्ट बसणारी, न घसरणारी पादत्राणे आणि उंचीला बेतलेली काठी द्यावी. अंधारात व वाहनांच्या गर्दीच्या वेळी निघणे टाळावे. हवा दमट असल्याने पाणी जवळ ठेवावे.

ज्यांची मुले परदेशी आहेत, असे एकटे वृद्ध आज प्रत्येक आळीत आहेत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पाच-सहा जणांचा एक गट ठरावा आणि एका तरुणाने वाटेची जबाबदारी घ्यावी. गटातले कोणी एखाद्या सकाळी आले नाही, तर इतरांनी त्याच्या दारी जाऊन चौकशी करावी. एकट्या माणसाच्या घराची कडी रोज कोणीतरी वाजवणार असेल, तर तेही औषधाइतकेच मोलाचे आहे.