आतला रंग

रंगाच्या बाबतीत माणसाला जेवढा आत्मविश्वास असतो, तेवढाच तो फसतोही. लग्नातल्या शालूवर शोभेल असे खणाचे कापड आणायला निघालेली गृहिणी पाहा. शालू बरोबर न्यायचा तिला कंटाळा. "रंग माझ्या डोळ्यांत आहे," असे म्हणून ती घराबाहेर पडते. दुकानातल्या दिव्याखाली कापड अगदी त्याच रंगाचे ठरते. घरी आल्यावर दोन्ही खिडकीपाशी धरावीत, तर ती एकमेकांना ओळखसुद्धा देत नाहीत! मग दुकानदार लबाड ठरतो. बिचाऱ्याचा अपराध एवढाच, की त्याच्या दुकानात सूर्य टांगलेला नव्हता.

हे शहाणपण मला आले ते मामांच्या फियाटमुळे. 'फियाट' हे आपले सवयीने म्हणायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली उभारलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती बाहेर पडली आणि १९७४ पासून तिचे नाव 'पद्मिनी' झाले होते. मामांची गाडी १९७६ची. परंतु माणसाचे पाळण्यातले नाव जसे म्हातारपणीही सुटत नाही, तसे तिचे फियाट हे नाव काही सुटले नाही. मुंबईच्या टॅक्सींमधूनही ती ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली; पण मामींच्या पडवीत ती अजून नोकरीवर आहे.

मामा डॉक्टर होते. त्यांच्या पंचक्रोशीत फारशा गाड्या नव्हत्या, तेव्हा रात्री-अपरात्री या गाडीचा दिवा दिसला, की कोणाकडे तरी दुखणे आहे हे गाव ओळखत असे. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. रंगाविषयी विचारले, की मामी म्हणत, "आम्ही कुठला निवडतोय? आला तो आपला म्हटला. लग्नात तरी वेगळं काय झालं होतं?" तो रंग फिकट निळा. निदान मामी तरी तसे सांगत.

मामा गेल्यावर गाडी काही वर्षे झाकून होती. गेल्या उन्हाळ्यात मामींच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतले. म्हणाल्या, "नीट दिसतंय तोवर गाडी पाहून घेईन म्हणते. बाहेरून काय रंगवायचं ते रंगव. आत मात्र जेवढं खरचटलंय तेवढंच. सगळं आत नवं केलंस, तर मला परक्याच्या गाडीत बसल्यासारखं होईल."

जेवढे खरचटले तेवढेच! सबंध गाडी रंगवणे सोपे असते. नवा रंग कोणाशी जुळवायचा नसतो. पण दाराच्या चौकटीवरचा बोटभर ओरखडा भरायचा, तर शेजारच्या पन्नास वर्षांच्या रंगाला तो आपला वाटला पाहिजे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या गाड्यांची कामे करणारे एक उस्ताद मला मिळाले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "मास्तर, हिचा रंग कुठला धरायचा?"

मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी मला गाडीतले तीन निळे दाखवले. खिडकीखालच्या पट्टीवर उन्हाने विटलेला, राखेसारखा. डिकीच्या पोटात किंचित हिरवट. आणि दाराचे आतले पॅड काढल्यावर त्यामागे तिसराच, पिवळसर झाक असलेला. एकाच दिवशी, एकाच पत्र्यावर बसलेला हा रंग! पण ऊन आणि अंधार या दोघांनी त्याला आपापल्या घरी वाढवले होते. तेलाच्या आणि अल्किड जातीच्या रंगांची खोडच अशी, की ते उन्हात विटतात आणि अंधारात पिवळे पडतात. पांढऱ्या कपाटाची आतली बाजू काही वर्षांनी हस्तिदंती दिसू लागते, ती याच कारणाने. मात्र अंधाराचा हा पिवळेपणा उजेड दाखवला की बराचसा उतरतो. म्हणून उस्तादांनी पॅडे काढून दारे आठवडाभर उजेडात उघडी ठेवायला लावली. रुसलेल्या माणसाशी बोलण्याआधी त्याला जरा अंगणात बसू द्यावे, त्यातलाच हा प्रकार.

मग त्यांनी थिनरमध्ये बुडवलेला बोळा एका कोपऱ्यात घासला. बोळ्याला निळे लागले. "हा मागाहून मारलेला ड्यूको," ते म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी घासला, बोळा स्वच्छ. "हा कारखान्यातला, भट्टीत भाजलेला." आपल्याकडे फवाऱ्याच्या कुठल्याही रंगाला ड्यूको म्हणतात, पण ते मुळात अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीच्या सेल्युलोज रंगाचे नाव. १९२४च्या ओकलंड मोटारींना तो प्रथम लागला. त्याआधी गाडीचे व्हार्निश वाळायला आठवडे लागत; हा काही तासांत वाळू लागला. तो थिनर उडून जाऊनच वाळतो, आणि म्हणून थिनर लावला की पुन्हा विरघळतो. भट्टीतला रंग मात्र एकदा घट्ट झाला, की मागे फिरत नाही.

अस्सल रंग सापडला, तरी तो जुळवायचा कसा? हल्ली एक यंत्र मिळते. ते पत्र्यावर ठेवले, की कोणत्या लहरीचा प्रकाश किती परततो, हे मोजून रंगाचे प्रमाण सांगते. उस्तादांनी त्यावरूनच सुरुवात केली. पण शेवट डोळ्याने. जुन्या काळची रंगद्रव्ये आता सगळी मिळत नाहीत. निराळ्या द्रव्यांतून तोच रंग साधला, तर तो उन्हात जुळतो आणि ट्यूबलाइटखाली फटकून वागतो. म्हणून त्यांनी पत्र्यावर थेंबही न लावता आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर रंग मारले, पूर्ण वाळू दिले, आणि मग मोकळ्या सावलीत, ढगाळ दिवशी, दिव्याखाली, असे प्रत्येक तुकड्याला जुन्या रंगाला टेकवून पाहिले. ओल्या रंगावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ओला रंग गोड बोलतो, मास्तर." काळ्याचा एक थेंब, पिवळ्या मातीचा अर्धा. तेरा तुकडे झाले!

टेकवून पाहण्यातही मर्म आहे. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या शेव्ह्रलकडे अशी तक्रार आली, की तुमचा काळा धागा काळा दिसत नाही. त्याने शोध केला, तेव्हा धागा निर्दोष निघाला. दोष शेजारच्या रंगाचा होता. शेजार बदलला, की रंग बदललेला भासतो, हा नियम त्याने १८३९ साली ग्रंथरूपाने मांडला. आपल्या चाळींतल्या लोकांना तो ग्रंथ न वाचताच ठाऊक असतो.

तेरावा तुकडा घेऊन मी मामींकडे गेलो. त्यांनी तो दाराला लावून पाहिला आणि म्हणाल्या, "हा नव्हे." मग एक डोळा हाताने झाकला. "थांब. हाच आहे." हात दुसऱ्या डोळ्यावर नेला. "आता नाही!" आम्ही दोघेही चकित. मग उलगडा झाला. मोतीबिंदूचे भिंग पिवळट असते. त्यातून निळा मळतो. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याला निळा एकदम उजळ दिसतो. चित्रकार क्लॉद मोने याच्यावर १९२३ साली ही शस्त्रक्रिया झाली, तेव्हा त्यालाही रंगांचा असाच घोळ सोसावा लागला होता. मामींच्या एका डोळ्यात आजची गाडी होती आणि दुसऱ्यात इतकी वर्षे पाहिलेली.

एक जागा उरली होती. चालकाच्या खिडकीखालच्या पट्टीवर मामांचे कोपर टेकून टेकून रंग पार पत्र्यापर्यंत झिजला होता, तळहाताएवढा. तिथे गंजाचे ठिपके दिसू लागले होते. उस्ताद म्हणाले, "हे उघडं ठेवलं, तर चार पावसाळ्यांत भोक पडेल. पण बाईंना विचारा." मी चाचरतच विचारले. ती जागा ठेवायचीच असे त्या म्हणतील, अशी माझी खात्री होती. मामी बराच वेळ त्या झिजलेल्या पत्र्यावर बोट फिरवीत होत्या. मग म्हणाल्या, "कोपर गेलं. आता पत्रा तरी राहू दे."

उस्तादांनी गंज घासला, प्रायमर दिला, बारीक लांबी भरली, पाणपेपर फिरवला, आणि रंगाचा जोड पट्टीच्या कडेवर नेऊन सोडला, कारण डोळा कडेपाशी आपोआप थांबतो. चकाकीही थोडी मारली. आतला रंग कधीच बाहेरच्याइतका झळकत नाही.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मामी पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. आधी नव्या डोळ्याने पाहिले. "जरासं कळतंय रे इथं." मग तो डोळा झाकून जुन्याने पाहिले. काही बोलल्या नाहीत. उतरताना मात्र मला म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्याचं घाईनं नको. दिवाळी झाल्यावर बघू."