लिहिणाराची सवड

आमच्या धाकट्या सूनबाईंस लिहिण्याची हौस आहे. लग्नापूर्वीं लिहिलेल्या त्यांच्या दोन-तीन गोष्टी आम्हीं वाचल्या आहेत व त्या आम्हांस मनापासून आवडल्या आहेत. परवां जेवतांना आम्हीं सहज विचारलें, "सूनबाई, हल्लीं कांहीं लिहिणें चालू आहे कीं नाहीं?" त्या हंसून म्हणाल्या, "मामंजी, कामें आटोपलीं कीं लिहीन म्हणतें. पण कामें आटोपतच नाहींत!" पंक्तींतले सर्वजण हंसले. आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं. आम्हांस आमच्या काकूंची आठवण झाली.

काकू चौथ्या इयत्तेपर्यंत शिकलेल्या. वीस माणसांच्या घरांत दुपारची झांकपाक झाल्यावर मागील पडवींत बसून, जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर त्या पेन्सिलीनें कांहीं तरी लिहीत. कोणीं विचारलेंच, तर "वाणसामानाची यादी" म्हणून सांगत. त्या वारल्यावर दोन वर्षांनीं माळा साफ करतांना सुतळीनें बांधलेला एक गठ्ठा निघाला. वरच्या कागदावर खरोखरच डाळगुळाचा हिशेब होता. आम्हीं स्वतःच्या हातानें तो गठ्ठा रद्दींत दिला. संध्याकाळीं जिन्यावर गळून पडलेला एक कागद सांपडला. त्यावर काकूंच्या माहेरच्या विहिरीचें आठ ओळींचें वर्णन होतें आणि शेवटचें वाक्य अर्धेंच राहिलें होतें! आम्ही तसेच रद्दीच्या दुकानाकडे धांवलों. पण तोंपर्यंत माल गाडींत चढून गेला होता. तो एक कागद आजही आमच्या टेबलाच्या खणांत आहे.

बहिणाबाई चौधरींस अक्षरओळखही नव्हती. घरकाम व शेतीचें काम करतां करतां त्या गाणीं रचीत. परंतु चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनीं तीं टिपून ठेविलीं, म्हणून बहिणाबाई १९५१ सालीं निवर्तल्यावर १९५२ मध्यें त्यांचें पुस्तक निघूं शकलें. आमच्या काकूंस अक्षरें येत होतीं. पण घरांत विचारपूस करणारें माणूस नव्हतें. प्रतिभेची वांटणी कोणाच्या हातीं नाहीं. विचारपूस तर आपल्या हातीं आहे ना?

आतां लिहूं इच्छिणारांस अनुभवाचे चार शब्द. सवड मिळेल तेव्हां लिहूं, असें म्हणूं नये. सवड ही मिळत नसते, ती काढावी लागते. रोज अर्धा तास पुरे. मात्र तो ठरलेला असावा. हरिभाऊ आपट्यांनीं १८९० सालीं 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलें व आपल्या कादंबऱ्या त्यांतून क्रमशः दिल्या. अंक निघण्याचा दिवस स्फूर्तीची वाट पाहत बसत नाहीं!

पोटाचा उद्योग लेखनाच्या आड येतो, ही समजूतही पुरती खरी नव्हे. केशवसुत शाळामास्तर होते. खांडेकर शिरोड्यास अनेक वर्षें शिक्षक होते. वयाचीही सबब चालावयाची नाहीं. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर लिहावयास शिकल्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रें'चा पहिला भाग १९३४ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां त्यांनीं पासष्टी ओलांडली होती.

लिहिलेलें परत आलें तर दुःख होणारच. आमची पहिली गोष्ट "साभार परत" आली, तेव्हां आम्हीं रागानें नऊ वर्षें लेखणी धरिली नाहीं. संपादकांचें त्यांत कांहींच बिघडलें नाहीं. आमचीं नऊ वर्षें मात्र गेलीं. पुढें ती गोष्ट वाचून पाहिली, तों तिचीं पहिलीं दोन पानें निव्वळ प्रस्तावना होती! म्हणून परत आलेला मजकूर महिनाभर कपाटांत ठेवावा, मग घरांतील एखाद्या स्पष्टवक्त्या माणसास मोठ्यानें वाचून दाखवावा. ऐकणारा जेथें चुळबूळ करील तेथें खूण करावी. बहुधा दोष तेथेंच असतो. आणि प्रत्येक कागदावर तारीख व आपलें नांव घालावें. हा धडा आम्हांस त्या जिन्यावरील कागदानें दिला.

पण उपदेश करून वडीलधाऱ्यांचें काम संपत नाहीं. घरांत लिहिणारें माणूस असेल, तर त्याच्या कामांतलें एखादें काम दुसऱ्यानें उचललें पाहिजे; कोऱ्या कौतुकानें वेळ निर्माण होत नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं सूनबाईंस काकूंचा कागद दाखविला. त्या बराच वेळ तो हातांत घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवसापासून मुलांचा रात्रीचा अभ्यास आम्हीं आमच्याकडे घेतला आहे. त्रैराशिकांत आमची फजिती होते, आणि नातवंडांस त्याचा मोठा आनंद वाटतो. तेवढा वेळ वरच्या खोलींत दिवा असतो. त्या काय लिहितात, हें आम्ही अजून विचारलेलें नाहीं. वाचून दाखवितील तेव्हां ऐकूं.