दोन दिवसांचे देशावकाशिक

व्यापारी कुटुंबात सुट्टी दुकानाच्या सोयीने ठरते. हंगाम, लग्नसराई, वर्षअखेरीचे हिशेब आणि पुढे चातुर्मास ही सगळी अंतरे सांभाळून जे दिवस उरतात, तेच आपले. म्हणून आपल्याकडील प्रवास दोनच प्रकारचे असतात. एक वर्षभर आधी ठरलेला: संघ निघतो, नावे नोंदवली जातात, शिखरजीची तिकिटे हाती येतात. दुसरा आदल्या रात्री ठरलेला. पहिल्या प्रकाराविषयी अनेकांनी लिहिले आहे. हा लेख दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

जानेवारीतील एका शुक्रवारी रात्री आमच्या घरी असा प्रवास ठरला. त्यामागे हौस नव्हती. वडिलांच्या पश्चात दादा आणि मी अकरा वर्षे भुसाराची पेढी एकत्र चालवली. आता दोन दुकाने, दोन खाती करावयाची, हे सहा महिन्यांपूर्वी ठरले होते. मंगळवारी वाटणीपत्रावर सह्या होणार होत्या. बहुतेक सर्व गोष्टींवर एकमत झाले होते. अडले होते ते जुन्या गोदामापाशी. त्या एका गोदामावरून दोन्ही भावांचे बोलणे हळूहळू केवळ व्यवहारापुरते उरले होते आणि तेही वकिलांच्या टेबलासमोर. जेवताना आई एवढेच म्हणाली, “वाटणी करायची ती करा. पण त्याआधी एकदा सगळे एका गाडीत बसा. मला वेरूळ दाखवा.”

आईचे वय चौऱ्याहत्तर. आम्ही स्थानकवासी, तिचा सारा दिवस सामायिक, स्थानक आणि स्वयंपाकघर यांत जातो. पुण्यात पन्नास वर्षे काढूनही तिने वेरूळ पाहिले नव्हते. दादांनी माझ्याकडे न पाहताच विचारले, “किती वाजता निघायचे?”

दुसऱ्या दिवशी निघायचे, हे मात्र आईला त्याच रात्री ठाऊक असणे आवश्यक होते. ती रोज पहाटे चौदा नियम धारण करते. आज किती द्रव्ये खाणार, किती वस्त्रे वापरणार, कोणत्या वाहनात बसणार, कोणत्या दिशेला किती अंतर जाणार, याची मर्यादा दिवस उजाडतानाच बांधायची आणि मग ती ओलांडायची नाही. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी सहावे दिशापरिमाण. ते आयुष्यभराची सीमा आखते. दहावे देशावकाशिक, ते तीच सीमा एका दिवसापुरती आणखी आवळते. आईची रोजची दिशा पाच किलोमीटरची. शनिवारी पहाटे तिने ती तीनशे किलोमीटर केली, वाहन एक, द्रव्ये पंधरा. मग आम्हांला म्हणाली, “माझी मर्यादा झाली. तुमच्या खर्चाची तुम्ही सांगा.”

अशा रीतीने आमचे अंदाजपत्रक तयार झाले. सात माणसे, दोन दिवस, सात हजार रुपये. खर्च पेढीच्या सामाईक खात्यातून, म्हणजे त्या खात्यातील बहुधा शेवटचा घरखर्च. आधी मर्यादा आणि मग बेत, हा क्रम एकदा पाळला की बेत आपोआप सुटसुटीत होतो. हॉटेल गळाले. वेरूळच्या परिसरातील एका जैन धर्मशाळेत फोन करून दोन खोल्या आणि संध्याकाळचे भोजन सांगितले. चातुर्मास आणि सलग सुट्ट्या टाळल्या, तर आदल्या रात्रीही अशी सोय होऊ शकते. मात्र सूर्यास्तापूर्वी किती माणसे जेवणार, हे भोजनशाळेला आधी कळवावेच. वहिनींनी आणि माझ्या पत्नीने रात्रीतच खाकरे, थेपले, चिवडा आणि सुकी भेळ बांधली. उकळलेले पाणी स्टीलच्या दोन कॅनमध्ये भरले. हिवाळ्यात असे पाणी चार प्रहर चालते. म्हणजे संध्याकाळी धर्मशाळेत पुन्हा उकळणे आले.

सहा वाजता निघालो. नवकारशी येईपर्यंत, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे, कोणी काही खाणार नव्हते. त्यामुळे वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवर गाडी थांबली नाही आणि शिरूर आपसूकच लवकर आले. तेथे एका झाडाखाली डबे उघडले. नगरमध्ये आनंदधामला थांबलो. आचार्य आनंदऋषिजी महाराजांचा जन्म १९०० साली नगर जिल्ह्यातीलच चिचोंडीचा आणि १९९२ साली त्यांचा देहत्याग झाला तो नगरलाच. मधल्या काळात ते श्रमणसंघाचे आचार्य झाले, पायी किती मुलूख फिरले! आई म्हणाली, “ते पायी गेले, आपण मोटारीत बसून दमतो.” पुढे प्रवरासंगमापाशी गोदावरीचा पूल ओलांडला आणि छत्रपती संभाजीनगर मागे टाकून दुपारी दीडच्या सुमारास वेरूळला पोहोचलो.

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. शनिवार-रविवारी जाणाऱ्यांना ती अडचण नाही. भारतीयांना तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ. चौतीस लेण्यांपैकी तीस ते चौतीस ही पाच आपली, अगदी उत्तरेच्या टोकाला. बहुतेक प्रवासी सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून दमतात आणि तेथूनच परततात. आम्ही उलट केले. आईचे गुडघे लक्षात घेऊन गाडीने थेट जैन लेण्यांकडे गेलो आणि बत्तिसावे लेणे, इंद्रसभा, सावकाश पाहिले.

इंद्रसभा हे नाव पुढे पडलेले आहे. हत्तीवर बसलेल्या यक्षाला लोकांनी इंद्र मानले आणि लेण्याला ते नाव चिकटले. राष्ट्रकूटांच्या काळात, नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास हा डोंगर वरून खाली असा कोरत आणला गेला. अंगणात अखंड दगडातील मंदिर आहे, हत्ती आहे. वरच्या मजल्यावर आंब्याच्या झाडाखाली सिंहासह अंबिका आहे. छताला जुन्या रंगांचे अवशेष अजून टिकून आहेत. मुले ते पाहायला वर गेली. आई खालीच थांबली.

खालच्या दालनांत दोन मूर्ती पुनःपुन्हा समोरासमोर भेटतात. एकीकडे पार्श्वनाथ, मस्तकावर धरणेंद्राचे फणाछत्र, भोवती उपसर्ग करणारा कमठ. दुसरीकडे कायोत्सर्गात उभे बाहुबली, पायांपासून दंडांपर्यंत वेली चढलेल्या. मूर्तिपूजा आमच्या परंपरेत नाही. तरीही आई हात जोडून बराच वेळ उभी राहिली. मग तिने बाहुबलींच्या बाजूच्या दोन स्त्रीमूर्तींकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “या ब्राह्मी-सुंदरी.”

बाहुबलींची कथा आपल्या घरांतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. भरत थोरला, बाहुबली धाकटा, भांडण राज्याचे. बाहुबली जिंकत होते, आणि जिंकता जिंकताच त्यांनी ते राज्य सोडले. पण दीक्षा घेऊनही वर्षभर केवलज्ञान होईना. कारण आधी दीक्षित झालेल्या धाकट्या भावांना वंदन कसे करू, हा एक कण उरला होता. तेव्हा बहिणी आल्या आणि त्यांनी भावाला हत्तीवरून खाली उतरायला सांगितले. हत्ती कुठला, असा प्रश्न त्यांना पडला, आणि उत्तर सापडताच पाऊल उचलले गेले.

ही कथा आईने त्या दिवशी सांगितली नाही. सांगण्याची गरजही नव्हती. दादा आणि मी त्या वेलींकडे पाहत शेजारी उभे होतो. दादा एवढेच म्हणाले, “दगडात वेल कोरायला किती दिवस लागत असतील?” मी म्हणालो, “पाय रोवून उभे राहायला लागतात तेवढेच.” सहा महिन्यांत आमच्यात व्यवहाराबाहेरचे झालेले ते पहिले बोलणे.

संध्याकाळी पावणेसहाला चौविहार झाला. धर्मशाळेची मुगाची डाळ, फुलके, कढी आणि पापड. रात्री आईने प्रतिक्रमण केले. दादाही बसले, मीही बसलो. एका खोलीत आई आणि सगळ्या बायका-मुली, दुसऱ्या खोलीत दादा, मी आणि माझा मुलगा. लहानपणी जसे झोपत असू, तसे दोन गाद्या लावून आम्ही भाऊ झोपलो.

रविवारी नवकारशीनंतर पैठणकडे निघालो. पहिल्या शतकाच्या सुमाराचे एक ग्रीक व्यापारी प्रवासवर्णन आहे, ‘पेरिप्लस’. त्यात पैठणचा उल्लेख आहे: भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावरील बाजारपेठ. तेथून गोमेदाचे दगड आणि तेरहून कापड, गाड्यांत लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून बंदराकडे जाई. मुलांना हे सांगितले तेव्हा दादांच्या मुलीने विचारले, “मग त्यांची दुकाने वीस दिवस बंद असायची का?” दादा हसून म्हणाले, “एक भाऊ गाडीबरोबर जात असेल, दुसरा दुकानात बसत असेल.” म्हटले तर साधे वाक्य. पण ते उच्चारल्यावर दादा बराच वेळ गप्प राहिले.

पैठणला मुनिसुव्रतनाथांचे मंदिर पाहिले, नाथसागराच्या काठी धर्मशाळेने बांधून दिलेल्या पुऱ्या खाल्ल्या आणि शेवगावमार्गे नगरचा रस्ता धरला. गाडी दादा चालवत होते, मी शेजारी. मागे सगळे झोपले होते. वकिलांच्या कचेरीत आम्ही टेबलाच्या दोन बाजूंना, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसत असू. गाडीत दोघांचीही नजर एकाच रस्त्यावर असते. बोललेले शब्द समोरच्या माणसावर आदळत नाहीत. ते पुढे रस्त्यावर पडतात आणि मागे सरतात. शेवगाव सोडल्यावर दादा म्हणाले, “गोदाम आईच्या नावावर राहू दे. ती आहे तोवर भाडे तिच्या खात्यात. पुढचे पुढे.” मी म्हणालो, “आणि माल?” ते म्हणाले, “माल दोघांचा ठेवू. जागा मोठी आहे.” मी होकार दिला. मागून आईचा आवाज आला, “चहा कुठे थांबवता?” ती झोपलेली नव्हतीच.

शिरूरच्या पुढे साडेपाचला रस्त्याकडेला उरलेले थेपले खाऊन चौविहार केला आणि आठच्या आत घरी पोहोचलो. मंगळवारी सह्या झाल्या. पेढ्या दोन झाल्या, ते थांबले नाही आणि थांबवण्याचे कारणही नव्हते. पण वाटणीपत्रात गोदामाचे कलम चार ओळींत मावले.

सामाईक खात्यात पडलेला हिशेब असा: डिझेल सुमारे चाळीस लिटर, ३,६४० रुपये, टोल व पार्किंग ५००, धर्मशाळेला भेट १,२००, भोजनशाळा १,०००, लेण्यांची पाच तिकिटे २००. एकूण ६,५४०. उरलेले ४६० रुपये आईने जीवदयेच्या पेटीत टाकायला लावले; मर्यादेच्या आत वाचलेला पैसा खिशात परत ठेवायचा नसतो, असे तिचे म्हणणे.

वाचकांपैकी कित्येकांच्या घरी असे एखादे गोदाम असेल, कधी जमिनीच्या रूपात, कधी नुसत्या शब्दाच्या. त्यासाठी मोठ्या यात्रेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन दिवस, एक वाहन, आधी बांधलेली रक्कम आणि सूर्यास्तापूर्वीचे भोजन एवढ्यात पुष्कळ काही बसते. व्रतांमधील दिशेची मर्यादा माणसाला घरात कोंडण्यासाठी आहे, असे आपण समजतो. किती दूर जायचे हे पहाटेच ठरवले, की कोणाबरोबर जायचे याकडे लक्ष द्यायला सारा दिवस मोकळा राहतो.