जळके तेल

पाऊस उघडून आश्विनाचे ऊन पडू लागले की रेवदंड्याच्या वाड्यांत काही कामे निघतात. मोडलेली कुंपणे बांधली जातात, नारळी-पोफळींची आळी सारखी केली जातात आणि चार महिने खारे वारे व चिखल सोसलेल्या मोटारसायकलींकडेही कोणाचे तरी लक्ष जाते. पोर्तुगीजांनी बांधलेल्या तटाच्या आतल्या एका वाडीत राहणारा एक शाळाशिक्षक आपल्या गाडीचे ऑइल याच सुमारास बदलतो, आणि तेही अंगणात, स्वतःच्या हाताने. गावात गॅरेजे नाहीत असे नाही. परंतु हे काम त्याच्या वडिलांनी आयुष्यभर अंगणातच केले आणि मुलाला तेथेच शिकविले. वडील गेले, पान्यांचा डबा राहिला.

काम साधे असले तरी त्याला क्रम आहे. प्रथम इंजिन तीन-चार मिनिटे चालू ठेवावयाचे, कारण गार तेल नेटाने वाहत नाही आणि आतला मळ सोबत आणीत नाही. मग गाडी मेन स्टँडवर घ्यावयाची, खाली घमेले सरकवावयाचे आणि १७ नंबरच्या पान्याने इंजिनाच्या तळाचा नट सैल करावयाचा. शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवावयाचे. तेल त्या क्षणी बोटांवर येते, व ते ऊन असते. धार आधी जाड पडते, मग सुतासारखी होते, मग थेंब उरतात. ते संपेपर्यंत थांबणे हाच या कामातला कसोटीचा भाग. नट परत बसविताना बळ उपयोगाचे नाही, कारण इंजिनाचे अंग ॲल्युमिनियमचे असते. ‘नट हाताला लागला म्हणजे लागला, त्यापुढं जोर केलास तर आटे जातील,’ हे वडिलांचे वाक्य दरवर्षी त्या घटकेला आठवते. नंतर ९०० मिलिलिटर नवे तेल. डिपस्टिक पुसून, न फिरवता नुसती टेकवून, दोन खुणांच्या मध्ये पातळी आली की काम झाले.

निदान तो तसे समजत असे. घमेल्यात उरलेल्या काळ्या द्रवाला या घरात, जसे अनेक गॅरेजांत, ‘जळकं ऑइल’ म्हणत. या शब्दाकडे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. वडिलांची पहिली गाडी राजदूत, म्हणजे टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे, ते पेट्रोलबरोबर जळे आणि निळसर धूर होऊन मागे निघून जाई. इंजिनाखाली घमेले धरण्याचा प्रसंग आला तरी तो गिअरबॉक्सच्या तेलापुरता. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही फोर-स्ट्रोक गाडी आली आणि पुढे तशाच गाड्या कोकणच्या रस्त्यांवर रुळल्या. या गाड्यांत तेल इंधनापासून वेगळे राहते. ते मुख्यतः जळत नाही, राबते. तरीही ‘जळके’ हे विशेषण त्याला चिकटून राहिले. जळले ते संपले, अशी आपल्या भाषेची समजूत आहे. ती समजूत शब्दातून घमेल्यात आली आणि घमेल्यातून कुंपणापाशी गेली. वाळवी लागू नये म्हणून वडील ते तेल बेड्याच्या खांबांना फासत आणि उरलेले कुंपणाच्या कडेला एका खड्ड्यात ओतत. मुलगाही तेच करीत आला.

वास्तविक तेलाशी या गावाचे नाते जुने आहे. कुलाबा जिल्ह्यातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर आजही रेवदंड्यात आहे. घाण्याच्या तेलाचा व्यवहार पूर्ण होता: तेल माणसाच्या पोटात वा दिव्यात जाई आणि मागे राहिलेली पेंड गुरे खात. टाकून द्यावे असे फारसे काही उरत नसे. बैलगाडीच्या आसाला घालावयाचे वंगणही वाटेवर झिजून जाई. त्यामुळे ‘वापरून झालेले तेल’ या वस्तूसाठी मराठीला वेगळा शब्द घडविण्याची निकड कधी भासली नसावी. वस्तू नवी आली आणि जुन्या शब्दांतला त्यातल्या त्यात जवळचा, पण चुकीचा, शब्द तिला मिळाला.

ही चूक प्रथम लक्षात आली ती त्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या. घमेल्याशेजारी उकिडवे बसून तिने विचारले, ‘बाबा, जळलं असेल तर उरलं कसं?’ त्याने हसून वेळ मारून नेली. पण पुढच्या मृगात, पहिल्या मोठ्या सरीनंतर, विहिरीच्या पाण्यावर मोरपिशी रंगाचा एक पातळ तवंग दिसला, तेव्हा हसू आले नाही. खड्डा विहिरीपासून दहा-बारा हातांवर होता. किनाऱ्यालगतची ही जमीन वाळूमिश्रित. तीत पाणी मुरते तसे सर्व काही मुरते. त्याच विहिरीचे पाणी पाटाने पोफळींना जाते आणि हंड्याने स्वयंपाकघरात.

तेल काळे पडते ते बिघडल्यामुळेच नव्हे. काजळी, झिजलेल्या धातूचे कण, ज्वलनातून आलेली आम्ले हे सारे ते आपल्या अंगावर घेते, म्हणून इंजिन स्वच्छ राहते. काळेपणा ही त्याच्या सेवेची नोंद आहे, आणि नेमका तोच मातीला व पाण्याला विष आहे. एक लिटर तेल दहा लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते, असा अंदाज सर्वत्र दिला जातो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. मात्र नोंदणीकृत कारखान्यात ते शुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरता येते. म्हणजे ते जळलेले नव्हते, तसे संपलेलेही नव्हते.

वडिलांना दोष देणे त्याला जमले नाही. नट किती आवळावा हे त्यांनी अचूक शिकविले होते. घमेल्यातल्या तेलाचे काय करावे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्याने खड्ड्यातली काळी माती उकरून पोत्यांत भरली आणि त्या पावसाळ्यात घरात पिण्याचे पाणी शेजारच्या वाडीतून आणले.

आता घमेल्यातले तेल नरसाळ्याने नव्या तेलाच्या रिकाम्या डब्यांत जाते. वर्षाचे तीन-चार डबे साठले की तो ते कॅरिअरला बांधतो आणि जुने तेल जमा करून घेणाऱ्या अलिबागच्या एका गॅरेजात नेऊन देतो. गाडीच्या पोटात नवे तेल असते, पाठीवर जुने. निघताना मुलगी डबे मोजते. डब्यावर काय लिहावे, असे तिने एकदा विचारले होते. ‘जळकं’ लिहायचे नाही, एवढेच दोघांचे ठरले; दुसरा शब्द अजून सापडलेला नाही.